अपघातानंतरचा टेलिफोन



रविवारी विहारात त्रिशरण-पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी आलो की काही माणसांचा आवाज खाली येतो. हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात आले असेल. दीक्षेच्या दिवशी दारू न पिण्याची प्रतिज्ञा ज्यांनी मोठ्याने घेतली, त्यांतलेच काही जण वर्षभराने मागच्या रांगेत बसू लागतात आणि पुढे येईनासे होतात. आपण म्हणतो, 'तो बिघडला.' तो बिघडला, की त्याच्याशी बोलण्याची आपली रीत चुकली, याचा विचार आपण कधी केला आहे काय? आजच्या पाठात मला या रीतीविषयी सांगायचे आहे, आणि तेही एका ठराविक वेळच्या बोलण्याविषयी. माणूस दारूच्या अमलात वाहनावरून पडतो, कोठे आदळतो, मलमपट्टी होऊन घरी येतो. त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत त्याच्याशी काय बोलावे आणि कसे बोलावे?

प्रथम माझी चूक सांगतो. माझा मामेभाऊ, वयाने माझ्याहून मोठा, एका हळदीच्या कार्यक्रमाहून रात्री मोटारसायकलवर परतताना रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगावर गेला. कपाळाला सात टाके पडले, मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. मी घराण्यातला पहिला पदवीधर, त्यातून शिक्षक. बोलण्याचा अधिकार आपल्याला आहेच असे मला वाटले. खाटेभोवती त्याच्या सासरची मंडळी, शेजारच्या खाटांवर अनोळखी माणसे, आणि सर्वांच्या देखत मी त्याला बाबासाहेबांचे नाव घेऊन पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. मी मात्र कर्तव्य केल्याच्या समाधानात एस. टी. ने घरी आलो. त्यानंतर दादा विहारात आला नाही. सहा महिन्यांनी तो पुन्हा पडला. त्या वेळी मागे त्याची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिचा हात मोडला.

दोन्ही वेळा दवाखान्यात त्याला दारूविषयी कोणी एक शब्दही विचारला नाही, आणि ज्या एकाने विचारला त्याने तो असा विचारला!

कॅज्युअल्टीत हे बोलणे का होत नाही, तेही समजून घेतले पाहिजे. रात्रीचे दोन वाजलेले असतात, डॉक्टर एक आणि जखमी पाच. जखमी माणूस अजून अमलात असतो किंवा वेदनेने कळवळत असतो. पोलिसांची भीती असते, विम्याचे पैसे बुडण्याची भीती असते, म्हणून नातेवाईकच 'साहेब, प्यायला नव्हता हो' असे सांगत असतात. ही स्थिती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९४७ सालच्या एका नमुना-कायद्याच्या आधारे अनेक राज्यांतील विमा कंपन्यांना दारूच्या अमलात झालेल्या दुखापतीचा खर्च नाकारता येत असे. त्यामुळे तेथील डॉक्टरही रक्तातील दारू तपासण्याचे टाळीत. टाके पडतात, प्लास्टर होते, माणूस घरी जातो, आणि ज्या कारणाने तो तेथे आला ते कारण त्याच्याबरोबर घरी जाते.

या गोष्टीवर अमेरिकेतील काही डॉक्टरांनी उपाय शोधला. सिएटल शहरातील हार्बरव्ह्यू रुग्णालयात लॅरी जेन्टिलेलो नावाच्या शल्यचिकित्सकाने जखमी होऊन दाखल झालेल्या, दारूचा त्रास असलेल्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाशी सुमारे अर्धा तास शांतपणे बोलणे झाले, दुसऱ्याशी नाही. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष छापला. वर्षाअखेर पहिल्या गटातील माणसांचे पिणे आठवड्याला सरासरी सुमारे २२ पेल्यांनी कमी झाले होते, दुसऱ्या गटाचे सुमारे ७ पेल्यांनी. अर्ध्या तासाच्या बोलण्याचे हे फळ! ते सर्वांत अधिक कोणात दिसले? जे अजून पुरते दारूच्या आहारी गेलेले नव्हते त्यांच्यात. पुढे २००६ साली अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने मोठ्या अपघात-केंद्रांसाठी जी मानके ठरवली, त्यांत दारूविषयीची तपासणी आणि असे बोलणे यांचा समावेश झाला.

परंतु जो रुग्ण दाखलच होत नाही, टाके घालून दोन तासांत घरी पाठवला जातो, त्याचे काय? आपला दादा याच प्रकारातला. बहुसंख्य जखमी याच प्रकारातले. येथे टेलिफोनचा विचार पुढे आला.

प्रॉव्हिडन्स हे ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील सर्वांत लहान राज्याचे राजधानीचे शहर. तेथील ब्राउन विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात डॉ. मायकेल मेलो आणि मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाँगबाव यांनी आपल्या सहकाऱ्यांसह असा प्रयोग केला की, किरकोळ ते मध्यम जखमा झालेल्या आणि प्रमाणाबाहेर पिणाऱ्या माणसांना घरी गेल्यानंतर फोन करावयाचा. २८५ माणसे निवडली गेली. अर्ध्यांना प्रशिक्षित समुपदेशकाने दोन वेळा फोन केला, उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीन महिन्यांनी पाहता, फोन आलेल्या माणसांत दारू पिऊन गाडी चालविण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी झाले. पिण्याच्या एकूण प्रमाणात मात्र दोन गटांत फारसा फरक पडला नव्हता.

हे वाचून काही वाचक निराश होतील. पिणे सुटले नाही तर उपयोग काय, असे ते विचारतील. मीही प्रथम तसेच म्हटले. मग मला त्या मुलीचा प्लास्टरमधला हात आठवला. पिऊन घरी बसलेला माणूस स्वतःचे नुकसान करतो. पिऊन किल्ली फिरवणारा माणूस रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव घेऊ शकतो. पाचवे शील मोडताना पहिले शीलही मोडण्याची ही जागा आहे. पाली भाषेत पाचव्या शीलात 'पमाद' हा शब्द येतो. त्याचा अर्थ गाफीलपणा, बेसावधपणा. मादक पदार्थ हे त्या बेसावधपणाचे ठिकाण म्हणून वर्ज्य सांगितले आहेत. राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला भगवंतांनी दारूचे सहा तोटे सांगितले, त्यांत धनाचा नाश, भांडण, रोग आणि बुद्धीचे दुबळेपण हे येतात. आजच्या काळात मोटारसायकलच्या हँडलवर ते दुबळेपण क्षणात दिसून येते.

आता फोनवर बोलणे कसे होते ते सविस्तर पाहू, कारण खरी शिकवण तेथेच आहे. ही रीत विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रथम लिहून काढली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह वाढवली. आपल्या भाषेत मांडायची तर ती साधारण अशी होते.

फोन करणारा प्रथम परवानगी विचारतो. 'दहा मिनिटे बोलू का? आता सोयीचे नसेल तर केव्हा करू?' मग जखमेची चौकशी. 'त्या दिवशी काय झाले, ते तुमच्या तोंडून ऐकायचे आहे.' माणूस सांगू लागतो. खोटे सांगितले तरी कोणी अडवीत नाही. पुढचा प्रश्न आपल्याला चमत्कारिक वाटेल: 'पिण्यात तुम्हाला बरे काय वाटते?' आपल्यापैकी कोणी हा प्रश्न विचारील काय? परंतु तो विचारला की माणसाची ढाल खाली येते. तो सांगतो की दिवसभर हमाली करून अंग ठणकते, मित्र भेटतात, झोप लागते. मग विचारतात, 'आणि न आवडणारे काय?' आता तो स्वतःच सांगतो. पगारातले पैसे, बायकोचे न बोलणे, परवाचे हे टाके.

यानंतरचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. 'पिऊन गाडी न चालविणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते? शून्य ते दहा यांत एक आकडा सांगा.' समजा तो म्हणाला, चार. आपण शिक्षक मंडळी लगेच विचारू, 'फक्त चार? दहा का नाही?' मग तो आपली कारणे सांगत बसेल आणि कारणे सांगता सांगता त्यांवर त्याचाच विश्वास पक्का होईल. समुपदेशक उलट विचारतो: 'चार म्हणालात, एक का नाही म्हणालात?' आता त्याला गाडी न चालविण्याच्या बाजूने बोलावे लागते. 'मुलगी मागे बसते हो माझ्या.' हे वाक्य आपण हजार वेळा त्याला ऐकविले तरी फुकट. ते त्याच्या तोंडून एकदा निघाले की त्याचे होते.

शेवटी योजना. ती त्याची असावी लागते. गाडी घरी ठेवून जाईन, किल्ली न पिणाऱ्या मित्राकडे देईन, रात्री तेथेच मुक्काम करीन, यांपैकी जे त्याला जमेल ते. काही दिवसांनी दुसरा फोन: ठरले होते त्याचे काय झाले? झाले नसेल तर रागावणे नाही. पुन्हा तेच विचारणे.

टेलिफोनचा गुण येथे दिसतो. तोंड दिसत नाही, म्हणून लाज कमी वाटते. शेजारची खाट ऐकत नाही. रोजंदारी बुडवून दवाखान्यात यावे लागत नाही. आणि वेळ नेमकी साधली जाते. टाके ओले असतात, नशा उतरलेली असते, जखम दिवसातून चार वेळा आठवण करून देत असते. महिना उलटला की तोच माणूस अपघाताचा किस्सा करून सांगू लागतो.

हे करताना भाबडेपणा नको. त्याच मंडळींनी पुढे सातशेहून अधिक रुग्णांवर मोठा प्रयोग केला आणि २०१३ साली त्याचा निष्कर्ष छापला. त्यात पिणे आणि पिऊन गाडी चालविणे दोन्ही गटांत कमी झाले. समुपदेशनाचा फोन ज्यांना गेला त्यांचा गट वेगळा उठून दिसला नाही. तेव्हा फोन हा मंत्र आहे असे कोणी समजू नये. दुसऱ्या गटालाही त्यांच्या पिण्याविषयी बारकाईने प्रश्न विचारलेले होते. माझा स्वतःचा कयास असा की, कोणीतरी नीट विचारले, एवढ्यानेच काही माणसे आपल्याकडे पाहू लागली असावीत. हा कयास आहे, सिद्धांत नव्हे.

अमेरिकेत पैसा आहे, प्रशिक्षित माणसे आहेत, आपल्याकडे कोण करणार, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तेथे 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशाच बोलण्याचा प्रयोग केला. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. बोलणारी माणसे डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीही त्यांच्याकडे नव्हती. ती साधी, शिकवून तयार केलेली माणसे होती. जागतिक आरोग्य संघटनेची दारूविषयीची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, तिच्यात ज्यांना १२ ते १९ गुण पडले अशा ३७७ पुरुषांची निवड झाली. ज्यांच्याशी असे बोलणे झाले, त्यांना जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी त्या गटातील ४२ टक्के पुरुषांनी मागील चौदा दिवसांत दारूला स्पर्श केला नव्हता. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण १८ टक्के होते. चार बैठका आणि ऐकून घेणारा माणूस! आपल्या प्रत्येक वस्तीत असा एक माणूस आणि असा एक टेलिफोन आज आहे. मोबाईल तर प्रत्येक खिशात आहे.

या रीतीत आपल्याला परके असे काहीच नाही. अंगुत्तर निकायात सारिपुत्त भिक्खूंना सांगतात की, दुसऱ्याचा दोष दाखविणाऱ्याने आधी पाच गोष्टी स्वतःत पाहाव्यात: आपण योग्य वेळी बोलतो आहोत काय, खरे बोलतो आहोत काय, मृदू बोलतो आहोत काय, त्याच्या हिताचे बोलतो आहोत काय, आणि मैत्रीच्या चित्ताने बोलतो आहोत काय. दवाखान्यातले माझे व्याख्यान या कसोटीला लावून पाहिले. ते खरे होते, हिताचेही होते. वेळ चुकली होती, मृदुता नव्हती, आणि मैत्रीपेक्षा माझ्या पदवीचा ताठा त्यात अधिक होता. पाचांपैकी दोन! विद्यार्थ्याला मी इतक्या गुणांवर पास केले नसते.

आता घरात काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. माणूस पिऊन आलेला असताना त्याच्याशी दारूविषयी बोलू नका. तेव्हा तो ऐकत नाही आणि भांडण मात्र होते. भगिनींनो, हे ओझे एकट्या पत्नीने वाहावे असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तिचे बोलणे त्याला कटकट वाटते, म्हणून फोन करणारा थोडा बाहेरचा असावा: मेहुणा, मित्र, विहारातला एखादा उपासक. आणि घरात मारहाण होत असेल तर समजूत घालण्याची वाट न पाहता १८१ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

चहा, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी दारू उतरते हा समज सोडून द्या. यकृत आपल्या गतीनेच काम करते. तासाला जेमतेम एक पेला. रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यालेला माणूस सकाळी सात वाजता कामावर जाताना अमलात असू शकतो, त्याला स्वतःला तसे वाटत नसले तरी. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक दारू असता वाहन चालविणे गुन्हा आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ही मर्यादा ८० आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दंड म्हणजे आपल्या कित्येक घरांचा महिन्याचा किराणा, लाईटबिल आणि मुलांची फी.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. जो रोज सकाळपासून पितो, न मिळाल्यास ज्याचे हात थरथरतात, घाम सुटतो, त्याला 'आजपासून बंद' अशी शपथ घालू नका. अशा माणसाने एकाएकी दारू सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. आपल्या देशातही आता टेलिफोनवर विनामूल्य बोलता येते: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि मनाच्या त्रासासाठी २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६.

दादाला मी फोन केला तो त्याच्या दुसऱ्या अपघातानंतर अकराव्या दिवशी. पहिल्या वेळी त्याने उचलून लगेच ठेवला. तीन दिवसांनी पुन्हा केला. म्हणाला, 'बोला मास्तर, आज काय भाषण आहे?' मी म्हटले, 'भाषण नाही. पोरीचा हात कसा आहे, दादा?' बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, 'रात्री झोपेत कण्हते.' एवढेच. त्या दिवशी दारूचा शब्द आम्ही दोघांनीही काढला नाही. पुढच्या फोनवर त्यानेच काढला. मी आकडा विचारला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, सहा.

तो अजून पितो. मी येथे खोटे लिहिणार नाही. मात्र हळदीला, वरातीला जाताना गाडीची किल्ली तो आता पोरीच्या दप्तरात टाकून जातो. ही युक्ती त्याची स्वतःची आहे, मला सुचली नसती. येत्या गुरुवारी रात्री आठ वाजता, पोर अभ्यासाला बसली की फोन कर, असे त्याने सांगितले आहे.